नाकावाटे उतरणारा सैतान

"उतरतोय! उतरतोय! बघा, नाकावाटे उतरतोय!"

इलेशा गावच्या बसथांब्यामागच्या मांडवात तीनेकशे माणसं एका दमात ओरडली, "हालेलुया!" व्यासपीठावर पांढऱ्या झग्यातले प्रेषित झकारिया एका मुलीकडे बोट दाखवून नाचत होते. तासाभरापूर्वी तिला दोघांनी उचलून आणलं होतं. पाठ, मांड्या, कोपरं, सगळीकडून कळा येत होत्या आणि दातांत फडक्याचा बोळा होता. आता ती उभी होती, हसत होती आणि नाक खाजवत होती.

मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या बिम्पे सिस्टरने मात्र तोंड उघडलं नाही. बावीस वर्षं ती इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत होती. ही मुलगी तिच्या ओळखीची. फादेकेमी, सगळ्यांची केमी, चवळीचे अकारा वडे विकणाऱ्या बाईची लेक, एकोणीस वर्षांची, शिवणकाम शिकणारी. जन्मापासून सिकलसेल, रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून अंगभर कळा आणणारा आजार. गेल्या दोन महिन्यांत केमी आणि तिच्यासारखे सहा-सात जण कॅज्युअल्टीत यायचे बंद झाले होते. हा आजार असा पळून जात नाही, म्हणून या शुक्रवारी सुट्टी घेऊन बिम्पे इथे आली होती.

"डॉक्टर म्हणतात, रक्त वाकडं!" प्रेषित गरजले. "अरे, रक्ताला काय हाडं आहेत वाकायला? ही पोरं आबिकू! मरण्यासाठीच जन्मतात! पलीकडचे सोबती त्यांची हाडं चावतात. त्यांना बुडवायला हे बायबलातल्या बेथेस्दा तळ्याचं पाणी. सात पेले! मग चाळीस मिनिटं गाणी. अडतिसाव्या मिनिटाला थांबलात, तर सैतान परत चढेल!"

सैतानाला मिनिटं मोजता येतात हे बिम्पेला नवीनच होतं. आज तिघं बरे झाले होते, आणि तिघंही नाक खाजवत होते. अशी खाज तिने वॉर्डात शेकडो वेळा पाहिली होती, मॉर्फिनच्या इंजेक्शननंतर.

"थोडं पाणी घरी नेऊ का हो?" तिने पेले भरणाऱ्या बाईला विचारलं.

"छे! मांडवाबाहेर गेलं की साधं पाणी होतं."

"सोयीचं आहे," बिम्पे म्हणाली.

सोमवारी सकाळी केमीच्या आईने लेकीला टॅक्सीतून कॅज्युअल्टीत आणलं. अंगात ताप, ओठ निळसर, हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. मिनिटाला जेमतेम सहा श्वास. डॉक्टर एतिमनी पापणी वर केली.

"हीच ना ती, दर महिन्याला इंजेक्शन मागणारी? आज बाहेरूनच घेऊन आली वाटतं. डोळ्यांच्या बाहुल्या बघा, टाचणीच्या टोकाएवढ्या."

"माझ्या पोरीला नशेबाज म्हणू नका!" आई कडाडली. "प्रेषितांच्या पाण्याशिवाय काही घेतलं नाही तिने."

ऑक्सिजनचा मास्क लावता लावता बिम्पेने विचारलं, "केमीची आई, कुठलं पाणी? आज तर मांडव नसतो."

बाईंची नजर खाली गेली. पिशवीतून त्यांनी एक मोठी बाटली काढली. "शुक्रवारी चोरून आणली. हिच्या छातीत दुखायला लागलं की मी पेला द्यायचे."

बिम्पेने थेंब जिभेला लावला. वर मध, आलं; खाली कडूजहर.

डॉक्टरांनी नॅलोक्सोनचा लहानसा डोस भरला. बिम्पे आईकडे वळली. "श्वास बंद पडू नये म्हणून हे देतोय. हे औषध एकच काम करतं, अफूच्या जातीच्या औषधाचा अंमल उतरवतं. पाण्याला किंवा प्रार्थनेला ते काही करत नाही. ते नुसतं पाणी असेल, तर केमी अशीच पडून राहील."

दोन मिनिटांत केमीने खोल श्वास घेतला, आणखी एक घेतला, डोळे उघडले आणि किंचाळली, "आई, छाती!"

"सैतान परत आणलात तुम्ही!" आई ओरडली.

"कळ गेलीच नव्हती, बाई," बिम्पे म्हणाली. " झाकून ठेवली होती. त्याआड तीन दिवस फुप्फुसं बिघडत होती. ओरडून सांगणाऱ्या कळेचंच तोंड त्या पाण्याने बांधलं."

आईने लेकीचा हात घट्ट धरला. मग म्हणाली, "इथे का नाही आणलं, तेही विचारा. मार्चमध्ये पाच तास बाकावर बसवलंत. कुणीतरी म्हणालं, नाटकी आहे, इंजेक्शनची चटक लागलीय. प्रेषिताने एवढंच विचारलं, कुठे दुखतंय बाळा?"

त्या दिवशी केमी मोबाईल बघत बसली होती. ज्याला खरंच दुखतं तो मोबाईल बघत नाही, असं बिम्पेने ठरवून टाकलं होतं. लहानपणापासून दुखणं सोसणारी पोर मन रमवायला काय करते, ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

"ते मीच म्हणाले होते," ती म्हणाली. डॉक्टर एतिम मान खाली घालून सलाईन लावत राहिले.

मग अँटिबायोटिक सुरू झालं, रक्त चढलं, आणि श्वास सुधारल्यावर कळेसाठी मॉर्फिन, तेही मोजून, थोडं थोडं. बिम्पे उशाशी बसून श्वास मोजत होती. शुक्रवारपर्यंत केमी उठून बसली.

आणि त्याच शुक्रवारी मांडवात केमीची आई बाटली घेऊन थेट व्यासपीठावर चढली. "प्रेषित, हे तुमचंच पाणी. प्या सात पेले."

"मी निरोगी आहे, भगिनी."

"पाणीच आहे ना? एवढं नाचून तहान तर लागली असेल!"

मांडवात हशा पिकला. "पवित्र पाण्याची परीक्षा घेणं पाप आहे!" प्रेषित ओरडले, पण पेल्याला हात लावला नाही.

सोबत आलेल्या बिम्पेने तपासणीच्या दोन पट्ट्या काढल्या. "स्वच्छ पाण्यात दोन रेघा उमटतात. अफूच्या जातीचं औषध असलं तर एकच." पहिली पट्टी तिने फेरीवाल्याकडून घेतलेल्या पिशवीतल्या साध्या पाण्यात बुडवली, दोन रेघा. दुसरी बाटलीतल्या पाण्यात, एक. पुढच्या रांगेतल्यांनी पट्ट्या हातोहात मागे दिल्या.

"यात गोळ्या कुटून घातल्यात. त्या चढायला वेळ लागतो, म्हणून चाळीस मिनिटं गाणी. त्यांनीच अंगाला खाज सुटते. सैतान वगैरे काही नाही."

लोक पट्ट्या बघत होते तोवर प्रेषित मागच्या बाजूने निसटले. नंतर पोलिसांना त्यांच्या खोलीत कोडीनच्या, म्हणजे अफूच्याच जातीच्या गोळ्यांची खोकी सापडली.

मांडव रिकामा होत आला तरी नातीला मांडीवर घेतलेला एक म्हातारा मात्र जागचा हलला नव्हता. "सिस्टर, हा लबाड निघाला, ठीक. पण हिला दुखलं की जायचं कुठे? तुमच्या बाकावर?"

बिम्पे त्याच्याजवळ गेली.

"कॅज्युअल्टीत या," बिम्पे म्हणाली. "आल्या आल्या सांगा, सिकलसेल आहे, कळ आहे. अर्ध्या तासात औषध मिळायला हवं. नाही मिळालं तर जाब विचारा, मलासुद्धा. पांढरे कपडे त्याचे असोत की माझे, सांगितलं म्हणून मानू नका. दाखवा म्हणा."

म्हाताऱ्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बघू," तो म्हणाला, आणि नातीला खांद्यावर घेऊन इस्पितळाच्या रस्त्याला लागला.