निंबा कुंभाराचा सुरतेतला माठ

मित्रांनो, लिंबायतमधल्या एका चाळीच्या गॅलरीत तोंडावर फळी ठेवलेला जो जुना माठ दिसतो, तो मी. माझ्यात आता पाणी नाही, कपडे वाळत घालायचे चिमटे आहेत. चिमटे अजून तरी कुणाला कोमट लागलेले नाहीत.

माझा जन्म खानदेशात, पारोळ्याजवळच्या एका खेड्यात झाला. निंबा कुंभाराने मला चाकावर घडवले, ठोकून अंग सारखे केले आणि भट्टीत भाजले. मग टिचकी मारून पाहिली. मी खणखणीत वाजलो, तेव्हा तो हसला. तिथल्या उन्हाळ्यात माझे पाणी पिऊन लोकांचे दात शिवशिवत. पाणी माझ्या अंगातून पाझरायचे, कोरडा वारा ते टिपून न्यायचा आणि आतले पाणी गार पडायचे. निंबाला वाटे, ही सगळी करामत आपल्या हाताची. मलाही तसेच वाटे.

१९९३ साली निंबाची मुलगी उषाबाई मला मांडीवर धरून अमळनेरहून गाडीने सुरतेला घेऊन आली. तिचा नवरा उखा तिथल्याच उधन्यात कापडाच्या लूमवर कामाला होता.

इथली हवा मला कधी कळलीच नाही. सकाळी जमिनीकडचा कोरडा वारा, दुपारी समुद्राकडचा ओला. आज अंग सुकायचे, उद्या घाम तसाच चिकटून राहायचा. ओला वारा माझे पाणी नेतच नसे. मी नुसता भिजून बसायचो आणि आतले पाणी कोमट राहायचे. उखा दिवसभर लूमवर उभा राहून यायचा, एक घोट घ्यायचा आणि पेला आपटायचा.

"तुना बापना माठ कच्चा ऱ्हायना," तो बायकोला म्हणायचा.

उषाबाई मला घासायची, ओले पोते गुंडाळायची, गॅलरीतून दारात आणि दारातून खिडकीत हलवायची. हवेचा संशय कुणालाच आला नाही. शिव्या मला, आणि माझ्या आडून तिच्या बापाला. एखाद्या दिवशी पाणी गार व्हायचे, त्या दिवशी मात्र निंबाचे नाव कुणी काढत नसे.

तीन वर्षांनी चैत्रात निंबा लेकीकडे आला. नेमका तेव्हा समुद्राचा वारा होता. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तो म्हणाला, "पहिले मना माठनं पानी दे, माय."

त्याने घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला. इतक्यात त्याची नात सोनाली शेजारच्या फ्रिजमधली बाटली घेऊन धावत आली. ती इथल्याच गुजराती शाळेत जायची. "आबा, एनुं पाणी नै पीवानुं, गरम छे," ती मायेने म्हणाली.

निंबाने मला टिचकी मारली. मी जीव तोडून वाजलो.

"आवाज ते बरोबर शे. मंग पानी काबर थंडं नही?" तो आपल्या हातांकडे पाहत राहिला. "मना हात गया, माय. आते चाक बंद."

"तसं नही, बाबा," म्हणत उषाबाईने उखाकडे पाहिले. तो काहीतरी बोलेल असे तिला वाटले होते. उखाने पंखा वाढवला.

निंबा गावी परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी कोरडा वारा सुटला. माझे पाणी गावच्यासारखे गार झाले. उखाने पेल्यावर पेले रिचवले आणि पोटावरून हात फिरवला. मला त्याचा फार राग आला. उषाबाई माझ्याशेजारी बसून रडली. गावी निघालेल्या चाळीतल्या सुकदेवबरोबर तिने निरोप धाडला, पाणी गार झाले, माठ चांगला आहे.

सुकदेवने परत येऊन सांगितले की म्हातारा ऐकून नुसता हसला आणि म्हणाला, "पोर मनं मन राखी ऱ्हायनी." लेक आपल्याला बरे वाटावे म्हणून खोटे बोलते आहे, असेच त्याने धरले. चाक त्याने आधीच देऊन टाकले होते.

पुढे घरात फ्रिज आला आणि मी गॅलरीत गेलो.

मित्रांनो, परमुलखात आणलेल्या माठाला किंवा माणसाला कच्चा म्हणण्याआधी जरा दाराबाहेर जा आणि वारा कुठला आहे ते पाहा. मला हे निंबाला सांगायचे होते. माझ्याकडे एक आवाज तेवढा होता, आणि तो बरोबर आहे असे तोही म्हणाला होता.