अ‍ॅडमिनने पुसलेला आवाज

मी फलटणकडच्या एका गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बोलतोय. दुसऱ्यांचं बोलणं वाहण्यातच माझा जन्म गेला. आज माझं ऐका.

मला बनवलं मेंढपाळ भामाबाईंच्या सूरजने, शिरवळच्या कंपनीत लागताना. आईला वाचता येत नाही, म्हणून बटण दाबून बोलायला शिकवलं. चारा कुठे आहे, कुठल्या बांधाला औषध मारलंय, हे माझ्यावर ऐकूनच मेंढरं निघायची. फार अभिमान वाटायचा मला. सोबतीला सूरजने बागायतदार लालासाहेबांनाही अ‍ॅडमिन केलं आणि तिथेच माती खाल्ली.

सकाळी देवांचे फोटो, दुपारी गावच्या लेकीसुनांवर घाण. शाळेच्या कार्यक्रमातल्या, गावच्याच स्वप्नालीच्या फोटोखाली या बाप्यांनी काय काय लिहिलं, ते सांगायला जीभ रेटत नाही. तिने जाब विचारला तर लालासाहेब म्हणाले, "आगं, घरचा ग्रुप हाय. हितं कुनीबी काय बी बोलंल." लगेच अंगठ्यांची रांग लागली. मला शिसारी आली.

आज सकाळी फवारणी करणाऱ्या वाजिदने आवाज टाकला, "भामामावशी, लालासाहेबांच्या मक्याच्या बांधाला मेंढरं घालू नगा. लय जहाल औषध मारलंय."

तो मका लालासाहेबांना चाऱ्यासाठी विकायचा होता. त्यांनी आवाज पुसला, वाजिदला काढलं आणि लिहिलं, "बदनामी खपवून घेणार न्हाई." वर फक्त अ‍ॅडमिनच बोलतील असं कुलूप घातलं. ज्यांनी आधी ऐकलं होतं त्यांनी मिठाची गुळणी धरली. थू तुमच्या मोकळेपणावर!

भामाबाई माळावर होत्या, तिथे रेंज नव्हती. वाजिदचा फोनही लागला नाही. खाली उतरल्यावर त्यांनी मला उघडलं. आवाजाच्या जागी 'डिलीट केला' अशी ओळ होती. त्यांनी तिच्यावर बोट दाबून पाहिलं. ओळ काय बोलणार? त्यांनी मेंढरं बांधाला घातली.

आता मेंढरांचं निम्मं खांड तोंडाला फेस येऊन तडफडतंय. लालासाहेबांनी जोडलेले हात टाकलेत, "ग्रुप आपल्या दुःखात सहभागी आहे." किळस येते मला माझ्याच नावाची.

भामाबाई नेहमीच्या जागी बोलायचं बटण शोधतायत. ते कुलपाआड गेलंय. "आवं, कुनी हाय का?" त्या काचेलाच विचारतायत. ते फक्त मला ऐकू येतंय.

सूरज, कंपनीतली पाळी सुटली की गेटवर ठेवलेला मोबाईल हातात घेशील. तूही अ‍ॅडमिन आहेस. मला उद्या खुशाल मिटवून टाक, पण आधी कुलूप काढ. तुझी आई बोलतेय.