इंगाची दाढ

एल्क बेंडच्या आसपास ज्याच्या तोंडात डॉक ऑर्विल टोस्टरुडने कधी हात घातला नाही असा माणूस शोधायचा, तर तो त्याच्याच घरात सापडला असता. त्याची धाकटी बहीण, इंगा. दात दुखला की ही बाई भावाच्या दवाखान्यावरून गाडी दामटत तशीच पुढे माइल्स सिटीला जायची आणि तिथल्या परक्या डॉक्टरपुढे आ वासायची. येताना साधा हॉर्नही वाजवायची नाही. गाव आधी यावर पोट धरून हसलं, मग त्याला सवय झाली. ऑर्विलला मात्र ते जिव्हारी लागायचं, उगाच खोटं कशाला बोला.

यामागचं कारण आपल्याला ठाऊक आहे, असं तो धरून चालला होता. घरची गुरांची रँच खरं तर त्यानेच सांभाळायची होती. नीट चालता येण्याआधी तो घोड्यावर बसला होता आणि वडिलांनी सगळी भिस्त त्याच्यावर ठेवली होती. मग सैन्याचं बोलावणं आलं नि तो कोरियाला गेला. तिथल्या थंडीने त्याच्या पायाची दोन बोटं खाल्ली आणि सोबतची भली भली पोरं नेली. तिथेच एका तंबूत त्याला सैन्याचा दंतवैद्य दिसला. पायाने यंत्र चालवत, कंदिलाच्या उजेडात तो शिपायांचे दात नीट करत बसलेला असायचा. कण्हत आत गेलेला माणूस शिव्या देत, हसत बाहेर यायचा. त्या सगळ्या मुलखात माणसं मोडायचं काम चालू असताना हा एकटा काहीतरी दुरुस्त करत होता. आपण हेच करायचं, असं ऑर्विलने तिथेच ठरवून टाकलं. लढाईवरून परतलेल्यांच्या शिक्षणाचा भार सरकार उचलत होतं. तो घरी आला तो फक्त ट्रंक भरायला. रँच इंगाच्या गळ्यात पडली.

त्या निर्णयाचा त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही. शाळेतली पोरं, कुरणांवरचे गडी, बर्फात अडकलेल्या बाळंतिणी, सगळ्यांचे दात त्याने राखले होते. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्याचा हात कुंपणाच्या खांबासारखा पक्का होता आणि हे तो स्वतःच चारचौघांत ऐकवायचा.

दर शरदात मात्र तो रँचवर यायचाच. हिवाळ्याआधी गायी एकेक करून मान अडकवायच्या खोड्यात घ्यायच्या, त्यांचे दात बघायचे. दात शाबूत असलेली गाय कुरणात परत जायची. झिजलेले, तुटलेले असले तर बर्फाखालचं गवत तिला चावता येणार नाही, म्हणून ती कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये. या मुलखाची रीत अशी की तोंड बघणाऱ्याचा शब्द शेवटचा. मालकीणसुद्धा हुज्जत घालत नाही. आणि तोंड बघायचं काम ऑर्विलचं.

त्या वर्षी दुपारच्या जेवणाला शेजारपाजारचे सगळे लांबलचक टेबलाशी बसले होते. ऑर्विलचं लक्ष समोर इंगाकडे गेलं. भाजलेलं मांस तिने ताटात नुसतं इकडून तिकडे ढकललं आणि लेफ्सा, म्हणजे बटाट्याची मऊ पोळी, कॉफीत बुडवून डाव्या बाजूने गिळली. उजवं गालफड सुजलं होतं. त्याचं जेवणातलं लक्ष उडालं.

जेवणं उरकून सगळे खोड्यापाशी परतले. एक तांबडी गाय कुरणात सोडल्यावर ऑर्विलने हात पुसले आणि मोठ्याने म्हणाला, "आता इंगा. तोंड उघड."

शेजारच्या बड हार्शमनच्या हातातलं खोड्याचं दार तसंच अर्धवट राहिलं. इंगा सगळ्यांदेखत नाही म्हणाली असती तर तिचं तोंड त्याला कायमचं बंद झालं असतं, हे ऑर्विलला कळत होतं. त्याने एकदाच काय तो डाव लावला होता.

"मी काय गाय आहे का रे?" इंगा कडाडली.

"गाय बरी. ती इतका तमाशा करत नाही."

"डॉक, जपून! तिच्या हातात काठी आहे," बड म्हणाला.

"राहू दे. या खोड्यापाशी शब्द कोणाचा चालतो, इंगा? सांग की या लोकांना."

तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. तिचा मुलगा क्लेटन गायीच्या शेपटीत काहीतरी महत्त्वाचं शोधू लागला. शेवटी तिने काठी कुंपणाला टेकवली, टोपी मागे सारली आणि तोंड उघडलं.

ऑर्विल वाकला. आत बघताच त्याची चेष्टा कुठल्या कुठे पळाली.

"गाडीत बस. आत्ता."

"गुरं कोण—"

"मामा म्हणतोय तर जा ना, आई!" क्लेटन म्हणाला.

दवाखान्यात ती खुर्चीत बसली, पण हात छातीशी बांधूनच. ऑर्विलने दिवा ओढला. जुन्या भरलेल्या दाढा बघून त्याला मत्सरच वाटला.

"काम झकास आहे त्या माइल्स सिटीच्या गड्याचं. मग ही दाढ एवढी सडेपर्यंत काय करत होता?"

"मेला तो. आठ वर्षं झाली."

"आठ वर्षं? आणि तू तेव्हापासून कोणाकडे जातेस?"

"कोणाकडेच नाही."

ऑर्विल स्टुलावर बसला. "इतका राग, इंगा? दुखून मरशील, पण माझ्याकडे येणार नाहीस?"

"आले होते. दवाखान्यासमोर गाडी लावून बसले होते. खिडकीतून तू दिसलास, कुठल्याशा पोराशी हसत होतास. लढाईवरून घरी आलास तेव्हा एकदाही हसला नव्हतास तू. मला वाटलं, इथे येऊन बसले तर माझा राग जाईल."

"मग जाऊ द्यायचा होतास की!"

"अरे शहाण्या, पहाटे चार वाजता उणे तीसच्या थंडीत मला उठवायचं कोण? बाबा गेले, नवरा गेला. तुझ्यावरच्या रागाने उठायचे मी. तो राग गेला असता तर रँचही गेली असती." तिने बांधलेले हात सोडले आणि खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. "आता क्लेटन उठतो. आता नाही लागत मला तो राग."

ऑर्विलने सुई टोचली, गाल बधिर होऊ दिला, पक्कड उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"काय झालं?"

"थांब जरा. दिसत नाहीये मला."

"म्हातारा झालास."

"झालो."

इंगा उठून बसली. तिने त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, शेणामातीने माखलेल्या आपल्या शर्टाचा एक स्वच्छ कोपरा शोधला, काचा सावकाश पुसल्या आणि चष्मा परत त्याच्या कानांवर नीट बसवला. मग मागे टेकून तिने तोंड उघडलं.