बिनआवाजाची खोली

“पैजेवर सांगतो, तुझा विश्वास बसायचा नाही,” दाराच्या बिजागरीला तेल सोडत सुतारकाका म्हणाले. “या खुर्चीत तुमचे मोठे डॉक्टर बसले. नुसते टेकले हं! उठले तेव्हा दाढी गुडघ्यापर्यंत. बायकोनं ओळखलंच नाही, पेशंट म्हणून दाखल करून टाकलं.”

नवी नर्स खुदकन हसली, पण दारातून आत येईना. रात्रपाळी संपवून ती निघाली होती. डोळे लालबुंद, हातात स्कूटरची किल्ली.

“नको काका. बसले तर उठायची नाही मी.”

“मग नको उठूस! कोण हाकलतंय?”

काकांची नजर त्या किल्लीवरून हटेना. त्यांची लेक चिमणी याच वॉर्डात नर्स होती. लागोपाठ पाळ्या करून अशाच एका सकाळी ती स्कूटरवरून निघाली आणि वळणावर तिचा डोळा लागला, तो कायमचाच. त्यानंतर कुठे हॉस्पिटलला सुचलं, की या माणसांना घडीभर पाठ टेकायला जागा हवी. सलाईनचे खोके ठेवायची ही खोली रिकामी झाली आणि काम काकांनी मागून घेतलं. डोळ्यांवर येणारी ट्यूब काढून कोपऱ्यात मंद दिवा लावला. चिमणीला बूट काढायचाही कंटाळा, म्हणून खुर्चीपुढे पाय ठेवायला उतरती फळी केली. भिंतींना आवाज शोषणारा जाड लोकरी नमदा, दाराला रबराची पट्टी. वॉर्डातला जरासाही आवाज आत येता कामा नये!

पण खुर्ची रिकामीच राहायची. पोरी यायच्या, दार लावायच्या आणि लगेच बाहेर पडायच्या. लाजत असतील, काकांना वाटायचं. आज मात्र हिला झोपवल्याशिवाय सोडायचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

“बरं, डॉक्टरांचं सोड,” ते म्हणाले, आणि जीभ आपोआप पुढे गेली. “या खुर्चीत पहिली बसली ती माझी चिमणी. तुमच्यातलीच. बुटांसकट झोपली. अशी घोरली की पंखा उलटा फिरायला लागला! ना बेल, ना मशीनची टिकटिक. दुपारी उठली, आळस दिला नि म्हणाली, ‘बाबा, भूक लागली.’ मग मीच तिला घरी नेलं. मागे बसून गाणं म्हणत होती वेडी.”

शेवटचं वाक्य त्यांनी खुर्चीची पाठ पुसत पुसत म्हटलं. पुसण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

“तुमच्यासाठी म्हणून हं,” म्हणत नर्स आत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली. काकांनी हळूच दार लोटलं. वॉर्डातले सगळे आवाज कापल्यासारखे थांबले.

ती ताडकन उठली. काकांना बाजूला सारून तिनं दार उघडलं, मान उंचावून वॉर्डातल्या खाटा पाहिल्या. मशीनची टिकटिक कानी आली तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला. मग काकांकडे वळून, चोर पकडल्यासारखी हसली.

“थापाडे आहात हं काका! टिकटिक थांबली की आमच्या मनात पहिलं येतं, कुणीतरी गेलं. इतक्या शांततेत आमच्यातल्या कुणाचा डोळा लागेल? तुमची चिमणी या खुर्चीत झोपलीच नव्हती.”