कधीपासून

आईने मधली बाटली उचलली, नाकाशी नेली आणि वास घ्यायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ तिथेच धरून ठेवली.

"ही," ती म्हणाली.

मधल्या बाटलीत नुसते पाणी होते.

मुलीने तिन्ही बाटल्या ओट्याकडे नेल्या, आईकडे पाठ करून त्यांच्या जागा बदलल्या आणि पुन्हा टेबलावर मांडल्या. बाटल्या सारख्याच, काळ्या कागदात गुंडाळलेल्या. दोन बाटल्यांमध्ये उकळून गार केलेले पाणी आणि तिसरीत त्याच पाण्यात किंचित अल्कोहोल, ज्याचा वास जाड शाईच्या पेनासारखा येतो. वासाची बाटली ओळखायची, एवढीच परीक्षा. अजिबात वास न येणारा माणूसही तीनपैकी एकदा नुसत्या अंदाजाने बरोबर सांगेल, म्हणून ती पुन्हा पुन्हा घ्यायची असते.

"आता उजवीकडची."

उजवीकडची बरोबर होती. मुलीला हायसे वाटले. एका बरोबर उत्तराने हायसे वाटणे आपल्या शिक्षणाला शोभत नाही, हेही लगेच जाणवले. त्यापुढची दोन उत्तरे चुकली.

"सर्दी झालीय का तुला?"

"जरा चोंदलंय."

आईचा आवाज मोकळा होता. चोंदलेल्या नाकाने माणूस असा बोलत नाही.

परीक्षेची कल्पना मुलीचीच. गल्लीच्या टोकाला, जुन्या क्रीडांगणावर हिरव्या पत्र्यांचे कुंपण घालून एका कंपनीने गॅसची विहीर खोदली होती. खोदकामाचा मनोरा उभा होता तोवर तक्रार आवाजाची होती. मनोरा गेला, टाक्या आणि नळ्या मागे राहिल्या, आणि तक्रार वासाची झाली. कंपनीची यंत्रे कुंपणाच्या आत होती आणि त्यांना काही सापडत नव्हते. वास रहिवाशांच्या मनात आहे, असे कंपनीने अत्यंत सभ्य भाषेत कळवले. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत अर्धे आयुष्य काढलेल्या मुलीला ते उत्तर अगदीच टाकाऊ वाटले नव्हते. घाबरलेल्या माणसाला नसलेला वासही येतो, हे तिला ठाऊक होते. तिला स्वतःला गच्चीवर आजवर खात्रीने सांगावे असे काही जाणवले नव्हते, आणि तिने ते कोणापासून लपवलेही नव्हते. तिने एवढेच सुचवले, की साऱ्या गल्लीने ओरडण्यापेक्षा पारखून घेतलेल्या मोजक्या नाकांनी संध्याकाळी गच्चीवर उभे राहावे आणि वारा कुठून येतो तेही पाहावे. तपासणी अधिकारी उद्या स्वतः येऊन त्यांच्या शेजारी उभे राहायला कबूल झाले होते.

तळमजल्यावरचा शिंपी परीक्षेत पास झाला होता. समोरच्या घरातला निवृत्त बसचालक तर पहिल्याच फेरीत.

"जन्मभर डिझेल हुंगलंय," तो म्हणाला होता, "तरी बघा, माल शाबूत आहे. पण आमची नाकं आपली चष्मा टेकवायला. गल्लीचं नाक म्हणजे काकू. त्यांची कसली परीक्षा घेता?"

"सगळ्यांची घेतली, तर तिचीही घ्यायला हवी."

"पुरावाताई, सख्ख्या आईला तरी सोडा."

मग तो आणि शिंपी हसत वर गच्चीत खुर्च्या मांडायला गेले होते. पुरावाताई हे नाव गल्लीनेच ठेवलेले. तक्रार लिहायला घेतली तेव्हा मुलीने घरोघरी एकच प्रश्न विचारला होता: कधीपासून? डोकेदुखी कधीपासून, खोकला कधीपासून, भिंतीला तडा कधीपासून. किराणा दुकानदाराच्या भिंतीचा तडा मनोरा येण्यापूर्वीचा निघाला. तिने तो तक्रारीतून वगळला, आणि तेव्हापासून दुकानदार तिच्याशी हवापाण्याविषयीसुद्धा बोलत नसे.

तिने शेवटची, सर्वांत तीव्र बाटली काढली. ही परीक्षेसाठी नव्हती. मिश्रण बनवताना उरलेली होती. झाकण उघडताच तिने स्वतःचा चेहरा बाजूला केला. दोन पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवून तिने ती आईपुढे सरकवली.

आईने पहिली हुंगून खाली ठेवली. दुसरी नाकाशी नेली आणि तिचे डोळे उजळले.

"ही. शंभर टक्के ही."

"कसा वास आहे?"

"टोचतंय."

"टोचतंय ते झालं. वास कसा आहे?"

आईने बाटली पुन्हा हुंगली. "टोचतंय की," ती म्हणाली. आवाजातला उत्साह थोडा कमी झाला होता.

टोचणे वाहून नेणारी नस वेगळी, वास वाहून नेणारी वेगळी. हे मुलीला पुस्तकातून माहीत होते आणि पुस्तकातले असे समोर बसलेले तिने कधी पाहिले नव्हते. तिने बाटलीचे झाकण घट्ट लावले. ते आधीच घट्ट होते तरी पुन्हा पिळले.

त्यानंतर गोष्टी आपोआप जागेवर येऊ लागल्या, आणि त्या तशा येऊ नयेत म्हणून तिला काही करता आले नाही. आई स्वयंपाकघरात असूनही दूध करपून काळे झालेले पातेले, एकदा नव्हे, वारंवार. सकाळी जिन्यात आईने शिंप्याला आधी विचारणे, "काय हो, आज कसं आहे?" आणि तो "सडक्या अंड्यासारखं" म्हणाला, की मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे तेच सांगणे. चालताना आईचा डावा हात. उजवा हलतो, डावा अंगाला चिकटून राहतो. खांदा धरला असेल, असे मुलीने ठरवून टाकले होते. तो निष्कर्ष तिने कोणत्याही पुराव्याशिवाय काढला होता.

आणि मामा. आईचा थोरला भाऊ कंपवाताच्या आजारात शेवटची वर्षे याच घरात, आतल्या खोलीत होता. सदऱ्याची बटणे आई लावून द्यायची, घास आई भरवायची, हाताचा कंप थांबावा म्हणून तो हात स्वतःच्या मांडीवर दाबून आई तासन् तास बसायची. या सगळ्याच्या कितीतरी आधी, हिंडताफिरता असताना, मामाने एकदा तक्रार केली होती, की हल्लीच्या साबणाला वासच नसतो. सगळे हसले होते. दुकान बदलून पाहिले होते. कंपवातात पुष्कळदा वास सर्वांत आधी जातो, हे फार उशिरा कळले होते.

"नापास का मी?" आईने विचारले.

"आई, तुला वास येत नाही."

"आज नाही येत नीट."

"आज नाही. येतच नाही."

आईने टेबलावर सांडलेला पाण्याचा थेंब बोटाने पुसला. बोट पदराला पुसले.

"तूच म्हणाली होतीस ना गच्चीवरच्या मीटिंगमध्ये, की तो सडक्या अंड्याचा गॅस फार झाला, तर नाकच बधिर करतो?"

"म्हणाले होते."

"मग."

ते खरे होते. पण नाक मारण्याइतका वायू गल्लीत असता, तर तक्रार करायला गल्लीत कोणी उरले नसते. मुलीने हे वाक्य जुळवले आणि उच्चारले नाही. तिने बाटल्या एकेक करून पेटीत ठेवायला घेतल्या. एरवी पंधरा-वीस घरांत ज्या प्रश्नाने ती सुरुवात करत असे, तो ओठांपर्यंत आला होता. एक तारीख, निदान एक ऋतू कळला, की सगळे स्पष्ट होणार होते. ती पेटीतल्या कापसाच्या जागा बदलत राहिली.

"विचार की," आई म्हणाली.

"काय?"

"सगळ्या गल्लीला विचारलंस. त्या दुकानदाराला तर दोनदा विचारलंस, बिचारा अजून फुगून आहे. मला विचारत नाहीस ते?"

मुलगी खाली बसली.

"मी सांगते," आई म्हणाली. "दादा गेला त्या हिवाळ्यात. त्याच्या गोधड्या धुवायला काढल्या होत्या. धुवायच्या आधी एक नाकाला लावली. माणसाचा वास राहतो ना कपड्यात. काही लागला नाही. म्हटलं, रडून रडून नाक भरलंय. आठ दिवस थांबले, तशाच ठेवल्या. मग धुऊन टाकल्या."

"तेव्हा मनोरा नव्हता."

"ते पत्रेही नव्हते गं. पोरं खेळायची तिथे."

वरच्या गच्चीत कोणीतरी खुर्ची फरफटवली. दोघींनी छताकडे पाहिले आणि पुन्हा खाली पाहिले.

"मला सांगायचंस."

"सांगून? तू लगेच नेलं असतंस डॉक्टरकडे. तो काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. तुझ्या मामाचं सगळं मी याच हातांनी केलंय." ती शांतपणे, एखादा हिशोब समजावून द्यावा तशी बोलत होती. "मग ती विहीर आली. कुणाचं डोकं दुखायला लागलं, कुणाचे डोळे चुरचुरायला लागले. तू मीटिंगमध्ये ते नाक बधिर होण्याचं बोललीस. मला वाटलं, असेल. माझ्या तारखा चुकत असतील. म्हातारपणी चुकतात."

"चुकत नव्हत्या."

"नव्हत्या. पण विहीर बंद करता येते," आई म्हणाली. "अर्ज करता येतो, मोर्चा नेता येतो, साहेबांना बोलावता येतं. दादाचं काय बंद करणार होतो आपण?"

मुलीच्या व्यवसायात चुकीच्या कारणाला चिकटून राहणाऱ्या माणसांविषयी एक विशिष्ट स्वर वापरला जाई, आणि तिने तो बैठकांतून अनेकदा वापरला होता. आता तिने आईचा डावा हात हातात घेतला. बोटे गार होती. कंप नव्हता. तिने थोडा वेळ वाट पाहिली. अंगठा किंचित हलला, की तिला तसे वाटले, हे तिला ठरवता आले नाही.

"हे तेच असेल असं नाही," ती म्हणाली. "नाक जायची पन्नास कारणं असतात. तपासल्याशिवाय मला माहीत नाही."

"बरं."

"खरंच माहीत नाही."

"बरं म्हटलं ना." आईने हात सोडवून घेतला आणि त्याच हाताने मुलीचा गाल थोपटला. "उद्याचं काय करायचं ते सांग. त्या साहेबांपुढे मी पहिली उभी राहणार, असं ठरलंय. कंपनीवाल्यांना कळलं, तर म्हणतील, यांचं मुख्य नाकच बंद. शिंप्याच्या आईला रात्र रात्र दमा लागतो, तो काही खोटा नाही. माझ्यामुळे खोटा ठरेल."

"तू उभी नको राहूस. मी सांगते त्यांना काहीतरी."

"तुला काहीतरी सांगता येतं होय?"

तेवढ्यात जिन्यातून बसचालकाचा आवाज आला. "काकू, पुरावाताई, वर या लवकर. वारा फिरलाय."

आई उठली. जिना चढताना मुलगी एक पायरी मागे राहिली आणि डाव्या हाताकडे पाहायचे नाही, असे ठरवून पाहत राहिली.

गच्चीवर उजेड अजून होता. पत्र्यांच्या कुंपणापलीकडे टाक्यांच्या पांढऱ्या पाठी दिसत होत्या. शिंप्याने दोरीवर बांधलेली कापडाची चिंधी आता घरांच्या दिशेने फडफडत होती. तो आणि बसचालक, दोघेही, एकाचे ऐकून दुसऱ्याला वास येऊ नये या नियमाप्रमाणे, एकमेकांशी न बोलता उभे होते, पण आई येताच दोघांनी तिच्याकडे पाहिले. गल्लीची ती सवयच झाली होती.

आईने कठड्यावर हात ठेवला.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "माझं नाक गेलंय. आज परीक्षा झाली, नापास झाले. विहिरीमुळे नाही. आधीचंच आहे."

शिंप्याने बसचालकाकडे पाहिले, मग काकूंकडे. "मग काकू, इतके दिवस?"

"इतके दिवस तुम्ही हळू सांगत होतात, ते मी मोठ्यानं सांगत होते."

बसचालकाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला.

"तर मग उद्या मोठ्यानं सांगायला या," तो म्हणाला. "वास आम्ही घेऊ."

आईने मान हलवली. मग ती मुलीकडे वळली.

"तुला येतोय?"

मुलगी कठड्याजवळ गेली. तिने डोळे मिटले, तोंड बंद ठेवून हळू श्वास घेतला, तो सोडला, थोडी थांबली, पुन्हा घेतला. अपेक्षेमुळे माणूस फसतो, म्हणून तिसऱ्यांदा घेतला. वारा संथ होता आणि त्यात ते होते. संशयाला जागा न ठेवता होते.

"येतोय," ती म्हणाली.

शिंप्याने रोखून धरलेला श्वास सोडला.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," आई म्हणाली.

"नाही."

"कसा आहे?"

"सडक्या अंड्यासारखा."

"ते मला पाठ आहे. कसा आहे ते सांग."

मुलीने पुन्हा श्वास घेतला. शब्द शोधायला तिला वेळ लागला. हे मोजण्याचे काम नव्हते.

"आधी काडी ओढल्यावर येतो ना, तसा. पहिल्या क्षणाचा. त्याच्याखाली काहीतरी जड आहे, तापलेल्या रस्त्यावरच्या डांबरासारखं. आणि शेवटी... शेवटी थोडं गोड लागतं. शिळ्या फुलांच्या पाण्यासारखं. वाईट आहे, आई."

आई डोळे मिटून ऐकत होती. तिने वाऱ्याकडे तोंड केले, छाती भरून श्वास आत घेतला आणि बराच वेळ तो सोडला नाही.

"अजून सांग," ती म्हणाली.