बोलावणं आलं होतं

मी एक जुना संगणक आहे. अणदूरला बसथांब्यासमोर मल्लिकार्जुनकाकांचं मल्टी सर्व्हिसेसचं दुकान आहे, तिथे पत्र्याखाली माझा मुक्काम. त्याआधी मी सोलापुरात एका वकिलांकडे होतो. त्यांनी मला अडगळीत टाकलं, पण काकांनी गोणपाटात गुंडाळून एसटीने इथे आणलं आणि खंडेनवमीला हळदीकुंकू लावून माझी पूजा केली. मित्रांनो, एवढा मान मला वकिलांकडे कधी मिळाला नव्हता. पीकविमा, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, अर्ध्या गावाचे फॉर्म माझ्यातून गेले. काकांच्या हातचा फॉर्म म्हणजे बिनघोर, असं लोक म्हणत. त्या कौतुकात माझाही वाटा आहे असं समजून मी उगाच फुगत असे.

काकांची एक सवय होती. फॉर्मवर ईमेलचा रकाना आला की ते स्वतःचाच पत्ता टाकत. पोरं पासवर्ड विसरतात, ओटीपी सांगायला वेळेवर सापडत नाहीत, त्यापेक्षा आपलाच बरा. त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता. पण त्यामुळे साऱ्या गावाचे मेल माझ्याच पोटात येऊन पडत, आणि काका तेवढा ओटीपी बघून खिडकी बंद करत. अकरा हजारांवर मेल कुणी उघडलेच नव्हते.

दीपमालाचा फॉर्मही असाच भरला गेला. तिची आई शरणम्मा अंगणवाडीत मदतनीस आहे. पोर हुशार, एमबीएच्या प्रवेश परीक्षेत तिला भरघोस गुण पडले. पुण्याच्या ज्या संस्थेत तिला जायचं होतं, तिथे गुण बघून मुलाखतीला बोलावतात. वडिलांनी एका वर्षाची मुदत दिली होती. "औंदा बोलावणं आलं तर जा. न्हाय तर गुमान बी.एड. कर," असं ते माझ्यासमोरच म्हणाले होते.

ती बिचारी रोज स्वतःच्या मोबाईलवर मेल बघायची. फॉर्मवर कुणाचा पत्ता आहे, हे तिने विचारलं नव्हतं आणि काकांनी सांगितलं नव्हतं.

एका मंगळवारी बोलावणं आलं. पीकविम्याच्या मेलखाली तिचं नाव होतं, मुलाखतीची तारीख होती. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण मला कुठे तोंड आहे? दोन दिवसांनी ती स्वतःच दुकानात आली.

"काका, फॉर्ममदी काय चुकलं तर नसंल?"

"पंधरा वर्सं फॉर्म भरतोय म्या. आजवर एक परत आला न्हाय."

"माझ्या मैत्रिणीला आलं की बोलावणं. तिचे मार्क माझ्यापेक्षा कमी हायत."

"मग तुलाबी येतंय. मोबाईल बघत ऱ्हा." तिच्या फॉर्मवर पत्ता आपलाच आहे, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

तेवढ्यात कुणाच्यातरी ओटीपीसाठी काकांनी मेल उघडला. मी होतं नव्हतं ते बळ लावलं आणि त्याच पानावर अडकून बसलो. दीपमाला मोबाईलकडे बघत होती. काकांनी मला दोन थापडा मारल्या आणि बंद करून पुन्हा चालू केलं.

मुलाखतीची तारीख गेली. मग दुसरा मेल आला, आपण अनुपस्थित राहिलात म्हणून. तोही तसाच पडून राहिला.

पुढच्या महिन्यात ती बी.एड.चा फॉर्म भरायला आली. चेहरा उतरलेला होता. ओटीपी लवकर सापडेना, म्हणून काकांनी मेलमध्ये तिचं नाव टाकून शोधलं. तीन ओळी आल्या, सगळ्यात वर ओटीपीची. खालच्या दोन त्यांनी वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि त्यांचा हात माउसवर तसाच राहिला. दीपमाला त्यांच्या मागे स्टुलावर बसली होती.

काकांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही मेल त्यांनी पुसून टाकले.

"च्या सांगू का तुला?" त्यांनी विचारलं. दुकानात आजवर त्यांनी कुणाला चहा पाजलेला मला आठवत नाही.

"नगं काका. तुमी लई केलंत माझ्यासाठी. माझ्यातच काय तरी कमी असंल."

काकांनी बी.एड.चा फॉर्म पूर्ण केला. त्या दिवसापासून ते पोरांना स्वतःचा मेल काढायला लावतात. आता त्याचा दीपमालाला काय उपयोग?

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा नाही. माझा पंखा घरघरतो, नवा संगणक खोक्यातून निघालाही आहे. फॉर्मवर आपलाच पत्ता घाला, कुणी कितीही भरवशाचं असो. आणि आपली चूक कधी डोळ्यांसमोर आली, तर ती पुसण्याआधी मागे बसलेल्या माणसाला सांगा. तो रागावेल, रडेल, पण आपल्यात काही कमी नव्हतं एवढं तरी त्याला कळेल. दीपमालाला ते कुणीच सांगितलं नाही.