लाल दिव्यावरची टिकली

मित्रांनो, तुडीलला नदीकडे उतरताना आंब्याखाली एक दांडगी गाडी उभी दिसते ना, टायर बसलेली, काचांवर शेवाळ चढलेली? ती मी. हसू नका. एके काळी मी महाडच्या बाजारपेठेतून निघाले की लोक दुकानाच्या पायऱ्या उतरून बघायचे.

माझे पहिले मालक कमलाकरशेठ, महाडचे कंत्राटदार. त्यांनी मला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, पाहुण्यांना मिरवून दाखवलं. मग माझी दुखणी निघाली. कधी गिअर अडकायचा, कधी टर्बो रडायचा, कधी काच खाली गेली की वर यायचं नाव नाही. आम्हा मोठ्या गाड्यांचं असंच असतं. दिसणं राजेशाही आणि दुखणंही राजेशाही! माझा एकेक सुटा भाग मुंबईहून यायचा आणि त्याचं बिल बघून शेठचा चेहरा उतरायचा. "हा पांढरा हत्ती नको मला," म्हणाले आणि त्यांनी मला विकून टाकलं.

घेतलं तुडीलच्या गणूने, एमआयडीसीतल्या कामगारांची ने-आण करायला. त्याची बायको ललिता मला पदराने पुसायची. एवढी माया मला शेठच्या बंगल्यात कधी मिळाली नव्हती.

पुढे माझा इंजिन तापल्याचा लाल दिवा बिघडला. इंजिन गार असतानाही उगाच लागायचा. महाडच्या रितेश मिस्त्रीने बॉनेट उघडून सांगितलं, "सेन्सर गेलाय. आतली पाण्याची नळीपण कडक झालीय, तीही बदल. अर्धं इंजिन खोलावं लागंल." खर्च ऐकून गणूने कपाळावर हात मारला. "अरे, तेवढ्यात दुसरी गाडी येल! चालतेय ना? मंग चालू दे."

एक दिवस वैतागून ललिताने कपाळाची टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवली. "झाकून ठेवा मेल्याला. सारखा डोळ्यांत खुपतोय."

गणू हसत सुटला. "आता कशी नवरीवानी दिसतेय गो!" खरं सांगू? मलाही नटल्यासारखं वाटलं.

लग्नानंतर फार वर्षांनी ललिताला दिवस गेले. सातव्या महिन्यात ओटी भरायला गणूने तिला माझ्यातूनच पोलादपूरच्या डोंगरात माहेरी नेलं. ओटी भरली आणि दुसऱ्याच सकाळी तिला रक्त जायला लागलं. गणूने तिला मागच्या सीटवर निजवलं आणि मला दवाखान्याकडे पिटाळलं. वाटेत खिंडीचा चढ लागला, तिथेच माझी ती नळी फुटली. पाणी रस्त्यावर सांडत गेलं. मी दिवा लावला हो! जिवाच्या आकांताने लावला. पण टिकलीखालचा दिवा कुणाला दिसणार? बॉनेटमधून वाफ उसळली तोवर इंजिन जाम झालं होतं.

गणूने चावी फिरवून फिरवून पाहिली. मग त्याने टिकली ओरबाडून काढली. खाली दिवा लालभडक पेटलेला होता.

"मीच लावली होती ना ती?" ललिताने मागून विचारलं.

"नाय गो, नाय. तुझं काय चुकलं नाय. ही गाडीच खोटारडी हाय."

मित्रांनो, मी खोटारडी होतेच. पण त्या दिवशी मी खरं बोलत होते. ते मी कुणाला सांगू?

मोबाइलला रेंज नव्हती. गणू वाडीकडे धावला, माणसं आणली, ललिताला खाटेवर घालून खाली दवाखान्यात नेलं. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

मला टोचन करून इथे आणलं, तेव्हापासून मी उभी आहे. गणू माझ्याकडे बघत नाही. ललिता मात्र येते, पुढच्या सीटवर बसते आणि त्या विझलेल्या दिव्यावर बोट ठेवून राहते. तिचं कपाळ मोकळं असतं. "नवरा धडधाकट असताना हे काय गो?" बाया विचारतात. गणूने तिच्यासाठी महाडहून टिकल्यांचं पाकीट आणलं होतं. तेही तिने माझ्याच खणात टाकलं आहे, न फोडता.

मित्रांनो, आम्हाला तोंड नाही, एवढा एक दिवा आहे. तो शंभरदा खोटा लागला तरी झाकू नका. खाली उतरा, एकदा बॉनेट उघडा. ललिताचं ते टिकल्यांचं पाकीट अजून माझ्या खणातच आहे.